खुळखुळा नसलेली शेपटी

माझ्या श्वासनलिकेच्या तोंडाशी एक पातळ पडदा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. जोराने श्वास सोडला की तो थरथरतो आणि फुत्कार मोठा होतो. माझ्याकडे विष नाही. हा पडदा हाच काय तो माझा धाक.

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या नेवाडातला एक जुना गोफर साप आहे. गोफर म्हणजे जमीन पोखरणारा जाडा उंदीर. मी त्याच्या बिळात शिरतो, त्याला भिंतीशी दाबून धरतो आणि गिळतो. युरोपातल्या डोंगरांतून इथे आलेल्या गानिश या बास्क धनगराच्या लसूणघासात मी वाढलो. गोफरांनी पाटाचा बांध पोखरला की पाणी वाटेतच मुरतं, म्हणून त्याला माझी गरज होती. ताज्या पावाचा पहिला तुकडा कुत्र्याला द्यायची या धनगरांची रीत. तो देताना गानिश मला म्हणायचा, "तुझं जेवण बिळात आहे, आळश्या. ऊठ!"

त्याची बायको मादालेन दर वसंतात गोफरांच्या बिळांत विषाचे दाणे टाकू म्हणायची. "माझा साप आहे ना," म्हणत तो ते पुढे ढकलायचा.

यंदा त्याची नजर मंदावली. मेंढवाड्यामागे वाळल्या घासात त्याचा बूट माझ्यावर पडला. मी डोकं चपटं केलं, फुत्कारलो, शेपटी थरथरवली. आम्ही घाबरलो की असंच करतो. घासात तो आवाज थेट विषारी खुळखुळ्या सापासारखा येतो. त्याने फावडं हाणलं. मग वाकून शेपटीचं निमुळतं, खुळखुळा नसलेलं टोक पाहिलं.

"अरे देवा! मादालेन, हा आपला निघाला गं!"

"आता दिसलं का, म्हाताऱ्या?"

मी कसाबसा ओसरीच्या फळ्यांखाली शिरलो. अंगाचा मागचा भाग आता माझा नाही. धडधाकट गोफर आता माझ्यापासून निसटतो. सुस्त, आजारी तेवढा हाती लागतो. विष खाल्लेला गोफर असाच सुस्त होऊन उघड्यावर येतो आणि त्याला खाणाराही मरतो. शेजारच्या शेतातलं घुबड तसंच गेलं. हे मला ठाऊक आहे, माझ्या भुकेला नाही.

मित्रांनो, फावडं उचलण्याआधी मागे सरा आणि शेपटी पाहा. मला आता त्याचा उपयोग नाही.

काल गोफरांनी पोखरलेला पाटाचा बांध फुटला. संध्याकाळी दोघं ओसरीवर बसली होती. मला बाहेरून कान नाहीत. त्यांचं बोलणं फळ्यांतून माझ्या जबड्यात उतरत होतं.

"घास वाळतोय, गानिश. हिवाळ्यात मेंढ्यांना काय, तुझी माया घालणार?"

"तो खाली आहे गं अजून."

"आणि जगणार आहे का?"

त्याचा बूट फळीवर घासला. मग थांबला.

"उद्या टाक दाणे," गानिश म्हणाला.