खिडकीकडचा बाक

काचवाला त्या रविवारी जीव मुठीत धरून चर्चमध्ये बसला होता. समोरच्या खिडकीची काच त्यानेच आदल्या दिवशी बसवली होती, आणि ती दगडापुढे किती टिकेल हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रंगीत काच मिळाली नाही म्हणून साधी बसवली. आता आतून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरून आतले लोक.

मागच्या रविवारी याच खिडकीतून दगड आला होता. तिथल्या बाकांवर नवी मंडळी बसत, दूरच्या मुलखातून कामासाठी आलेली. त्यांची भाषा वेगळी, गाण्याचा ठेका वेगळा, प्रार्थना तर सगळे एकदम मोठ्याने करत. मधले बाक जुन्या घराण्यांचे. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तिथे चुकून बसणाऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं जाई की तो आपोआप उठे. देवाच्या घरात सगळे सारखे, असं पाळकसाहेब सांगत, आणि जुनी मंडळी माना डोलावत आपापल्या जागी घट्ट बसून राहत. दगडाने लॉन्ड्रीत काम करणाऱ्या एका बाईचं कपाळ फुटलं. मग पाळकसाहेबांना फोन आला, त्या लोकांना हाकला, नाहीतर पुन्हा येऊ.

तरी ती माणसं आली. लॉन्ड्रीवाली बाईसुद्धा कपाळाला पट्टी लावून खिडकीशीच बसली, कारण दुसरी जागा तिला कुणी देऊ केली नव्हती. काचवाल्याला लाज वाटली. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती, तो हलला नाही.

पहिलं गीत सुरू झालं आणि शेजारी बसलेली त्याची आई काठी टेकत उठली. 'देव काय बहिरा आहे का?' असं म्हणत नव्यांच्या प्रार्थनेला नाक मुरडणारी हीच. ती तरातरा, म्हणजे गुडघ्यांना झेपेल इतपत तरातरा, खिडकीकडे गेली आणि लॉन्ड्रीवालीशेजारी काचेला लागून बसली.

काचवाला वाकून तिच्यामागे गेला.

"आई, चल मागे. एका दगडात खाली येईल ही काच."

"बाहेरून मी नीट दिसते ना?"

"दिसतेस. म्हणूनच सांगतोय."

"मग झालं. धाकटा कुठाय बघ."

त्याने मधल्या बाकांकडे पाहिलं. धाकट्या भावाची जागा रिकामी होती.

"मागच्या रविवारी घरी आला तो धापा टाकत," आई पुटपुटली. "मी गुपचूप जेवायला वाढलं. विचारायचा धीरच झाला नाही रे. आज सकाळी त्याचे ते दोघे मित्र पुन्हा बोलवायला आले." "दगड मारायचा तर मला बघून मारू दे."

आठवडाभर काचवाला कुणा परक्या गुंडांना घाबरत होता. आता ज्याला खांद्यावर बसवून फिरवलं होतं त्याचीच भीती वाटत होती. परत जागेवर पळावं असं फार वाटलं, पण आईला एकटं कसं सोडणार? तो बसला. लॉन्ड्रीवालीने, काहीच कल्पना नसताना, आपलं गीतांचं पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. अक्षरं अनोळखी होती, चाल तीच होती. आई आपल्या भाषेत गाऊ लागली, ती तिच्या.

मधल्या बाकांवर चुळबुळ झाली. बेकरीवाले आजोबा उठून पुढच्या खिडकीपाशी बसले, मागोमाग त्यांची सून. बाकीचे पुस्तकात डोकं घालून राहिले.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे तिघे येऊन थांबले. मधला धाकटा. एकाने दगड घेतलेला हात वर केला. काचवाल्याने आईचं डोकं आपल्या छातीशी ओढलं, पण तिने हिसका देऊन मान वर काढली आणि सरळ बाहेर पाहत गात राहिली.

धाकट्याने तिला पाहिलं. तो धावत रस्ता ओलांडून आला आणि खिडकीला पाठ लावून, मित्रांकडे तोंड करून उभा राहिला. मित्राचा हात अजून वरच होता.

आई गायची थांबली.

"तुमचा मुलगा?" लॉन्ड्रीवालीने मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं.

"माझाच," आई म्हणाली. मग तिच्या पट्टीकडे बघत कसंबसं म्हणाली, "तो दगडसुद्धा."

लॉन्ड्रीवाली काचेपलीकडच्या त्या पाठीकडे बघत राहिली. काचवाल्याला वाटलं, आता ही ओरडणार.

"आत बोलवा त्याला," ती म्हणाली. "तिथे लागेल."

काचवाला उठला आणि दाराकडे निघाला.