देवीच्या एकाच खांद्यावरच्या मुंग्या

माळवस्तीवरच्या पत्र्याच्या देवळात रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. हौसराव भगत कौल लावत होता. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आजवर देवीने भगताला एकदाही नकार दिला नव्हता. इतकं गूळपीठ नवरा-बायकोतही नसतं.

पुढेच बसला होता सुरज, कुरकुंभच्या कंपनीतला ऑपरेटर. तिथे मीटरचं रीडिंग दोनदा पाहिल्याशिवाय तो सही करत नसे. इथे मात्र डोकं चपलांबरोबर बाहेर काढून आला होता. मांडीवर सात वर्षांची लेक, गौतमी. गेल्या वर्षी तिचा धाकटा भाऊ तापाने गेला. आई आता पुन्हा गरोदर होती.

शाळेत अनुपमाबाईंनी विचारलं होतं, "तुम्हाला देव कसा वाटतो?" गौतमी म्हणाली, "बाळाला ताप आला तवा देव कुठं गेला व्हता?" बाई रागावल्या नाहीत. "मलाही माहीत नाही. तुला काय वाटतं?" एवढंच म्हणाल्या. पण ही गोष्ट आजीच्या, सारजाबाईंच्या कानावर गेली आणि आजीने पोरीला भगतापुढे आणून बसवलं.

"आई, सांग! ह्या पोरीच्या जिभंनं भाऊ खाल्ला का?" भगत गरजला. पंखा गरगरत होता. उजवी पाकळी टपकन पडली.

"व्हय म्हंती आई! जीभ डागली न्हाई तर पोटातलं बी खाईल!"

गौतमी मूर्तीकडे टक लावून बघत होती. तिने बापाला विचारलं, "आबा, देवीच्या एकाच खांद्यावर मुंग्या का हायेत?"

"बघा, आईची खोड काढती! धरा तिला!"

सुरजने धरलं. सारजाबाईंनी जबडा उघडला. भगताने धुनीतली लाल तापलेली सळई जिभेला टेकवली. गर्दीने त्याच वेळी 'उदो उदो' केला, म्हणून किंकाळी फारशी कुणाला ऐकू आली नाही.

वर्गातल्या सायलीने सांगितलं म्हणून अनुपमाबाई स्कूटर दामटत आल्या, पण उशिरा. त्यांनी पोरीच्या तोंडात गार पाणी धरलं आणि दवाखान्यासाठी जीप मागवली. जीप येईपर्यंत त्या भगताकडे वळल्या.

"देवी फक्त तुमच्याच हाताला कौल देते का हो?"

एवढ्या गर्दीपुढे तो नाही कसं म्हणणार? बाईंनी पाण्याने दोन पाकळ्या लावल्या. "हौसराव लबाड आहे का?" उजवी पडली. कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी पुन्हा पाकळ्या लावल्या. "हौसराव देवमाणूस आहे का?" पुन्हा उजवीच!

मग मुंग्या लागलेल्या डाव्या खांद्यावरून बोट फिरवून त्यांनी ते सुरजपुढे धरलं. "चाटा."

गुऱ्हाळातली दाट काकवी होती. नुसत्या पाण्याने लावलेली उजवी पाकळी पंख्याने वाळून पडायची, काकवीवरची डावी हलायचीच नाही. मुंग्यांना हे ठाऊक होतं, आणि एका पोरीला दिसलं होतं.

"आईला गोड आवडतं," भगत पुटपुटला. सारजाबाईंनी त्यावरही हात जोडले.

भगताला पोलिसांनी नेलं. सुरजवर आणि सारजाबाईंवरही गुन्हा दाखल झाला. गौतमीच्या जिभेची जखम भरून आली. ती पाढे म्हणते, भाकरी मागते, पण प्रश्न विचारत नाही.

"गौते, इचार की काय बी," सुरज काकुळतीला येतो. ती त्याच्या हातांकडे बघत मागे सरकते.

लोकहो, पोर देवाविषयी विचारील. विचारू द्या. उत्तर येत नसेल तर "ठाऊक न्हाई, आपण शोधू" एवढंच म्हणा. तेवढं म्हणायला सुरजची जीभ शाबूत होती.