सातवा घाणा

सहाव्या घाण्याच्या बिअरचा पहिला घोट बाबांनी तोंडात घेतला, गालात खेळवला आणि शेजारच्या बादलीत थुंकला. लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता काय कमी आहे? सांगा ना एकदाचं!"

सांगणार कसे? आजारपणाने त्यांची वाचाही नेली होती आणि उजवं अंगही. त्यांनी डाव्या हाताचं बोट नेहमीसारखं शेगडीकडे केलं. म्हणजे चहा. घाणा बिघडला की म्हाताऱ्याला बरोबर चहाची तल्लफ यायची, आणि ती पाय आपटत आधण ठेवायची. पण आणलेल्या चहाकडे ते ढुंकूनही बघत नसत.

पंधरा वर्षं तिने मोठ्या कारखान्यात बिअर गाळली होती, पण बापाच्या एका पिंपापुढे तिने हात टेकले. बाबांच्या वहीत सगळं होतं: सातूला मोड आणून किती भाजायचा, डोंगरावरचा कडू पाला किती मुठी, मध किती. पाला कमी केला तर बिअर मिळमिळीत, सातू जास्त भाजला तर जळकट. रस आंबवणाऱ्या यीस्टची पाकिटं तीनदा बदलून झाली. खानावळीचा मालक तेवढा एक गिऱ्हाईक उरला होता आणि तोही परवाच सांगून गेला होता, "ताई, महिनाअखेरीला शेवटचं चाखतो. बाबांची चव नसेल तर दुसरीकडून घेईन. राग मानू नका." तो गेला की दाराला कुलूप.

सातव्या घाण्याला तिने बाबांची खुर्ची दारातून उचलून थेट शेगडीपाशी आणली. "लांबून नाकं मुरडण्यापेक्षा जवळून बघा," ती फणकारली. सातूचा रस पिंपात निवत होता. तिने शिस्तीप्रमाणे शेगडीवरच्या सोडा टाकलेल्या उकळत्या पाण्यात बाबांची लाकडी ढवळणी उभी केली. स्वच्छता आधी, हे कारखान्याने तिच्या हाडीमाशी भिनवलं होतं.

बाबा खुर्चीतून झेपावले. डाव्या हाताने त्यांनी ढवळणी दांड्याला धरून बाहेर ओढली, पाणी सगळीकडे उडालं. ढवळणीच्या खाचांवर त्यांनी अंगठा फिरवला. खाचा हाडासारख्या पांढऱ्याफेक निघाल्या होत्या. ते ढवळणी छातीशी धरून घशातून नुसता आवाज काढत राहिले.

तेव्हा तिला आठवलं. लहानपणी हीच ढवळणी दारामागे टांगलेली असायची, खाचांत बिअरचा तपकिरी साका वाळलेला. एकदा तिने ती कौतुकाने घासली, तर बाबांनी पाठीत धपाटा घातला होता. तिला वाटलं होतं, कपडे भिजवले म्हणून. यीस्ट त्या साक्यात होतं, आजोबांच्या वेळेपासूनचं, आणि बाबांनी पाकीट म्हणून कधी विकत आणलंच नव्हतं. वहीत ढवळणीचं नावही नव्हतं. स्वयंपाकाच्या कृतीत पळी कोण लिहितं?

सहा वेळा तिने ती उकळली होती. सहाही वेळा ते शेगडीकडे बोट दाखवत होते आणि तिने त्यांच्यापुढे चहा आणून आपटला होता.

"बाबा, मारलं मी ते," ती म्हणाली. तिला स्वतःचाच इतका राग आला की रडूही फुटेना. "पहिल्याच दिवशी मारलं."

बाबांनी ढवळणी हळूच तिच्या मांडीवर ठेवली. मग बोट उचलून त्यांनी शेगडी दाखवली.

"चहा?" तिने विचारलं.

त्यांनी मान डोलावली. या वेळी त्यांना खरंच चहा हवा होता.