गिअरजवळची जागा

गंजाडच्या नाक्यावर रूपी चढायची तोवर जीप आशागडपासूनच गच्च भरून आलेली असायची. उरायची ती एकच जागा, ड्रायव्हर रविंद्रच्या बाजूची, गिअरजवळची. आणि रविंद्रचा गिअर असा काही होता, की तो दांडा हलवायचा आणि कोपर लागायचं रूपीच्या छातीला. सरळ सपाट रस्त्यावरसुद्धा त्याला सारखे गिअर बदलावे लागत. बोलावं तर दुसरी जीप तासाने. आणि चारोटीच्या हॉटेलात भाकऱ्या थापायला उशीर झाला, की मालक दुसरी बाई बघणार. एवढा महिना काढायचा आणि काम सोडायचं, असं रूपीने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात शाळेत बायकांसाठी फुकट शिबिर आलं. स्वसंरक्षणाचं, तेही चिनी. डहाणूहून सुदर्शन सर आले. विद्येचं नाव विंग चुन. एका संन्यासिनीने काढली म्हणतात, लहान चणीच्या माणसाने आडदांडाला आवरण्यासाठी. सरांनी पाय रोवायला शिकवले, हात छातीच्या मधोमध धरायला लावले, आणि समोरचा हातभर लांब उभा आहे असं समजा म्हणाले.

“हातभर लांब असता तर आम्ही कशाला आलो असतो, सर?” रोज त्याच जीपने जाणारी शुक्री मावशी म्हणाली.

मग सरांना जीप समजावून सांगावी लागली. वर्गातला बाक बाहेर आला. तिघींच्या बाकावर सात जणी बसल्या, त्यात एकीच्या मांडीवर कोंबडी. सरांना ड्रायव्हर केलं आणि गिअर म्हणून हातात छत्री दिली. आमच्या गुरुपरंपरेत छत्री नाही, असं सर म्हणून बघत होते. पण बाकावर टेकले, तशी त्यांची कळी खुलली. ही विद्या अडचणीच्या जागेतलीच, ते म्हणाले. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. आपला हात त्याच्या हाताला नुसता लावून ठेवायचा आणि तो जाईल तिकडे जायचं. त्याच्या मनात आलेलं आपल्या कातडीला आधी कळतं. दुपारभर तो बाक चारोटीला जाऊन येत राहिला. कोंबडीने तेवढं शिबिर अर्ध्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी रविंद्रचा हात दांड्यावर गेला आणि रूपीचा हात त्याच्या हातावर जाऊन बसला, माशी बसावी इतका हलका. त्याने दुसरा टाकला, तीही दुसऱ्यात गेली. कोपर निघायच्या आत तिचा पंजा तिथे हजर. त्याने कान खाजवला, रूपीचा हात कानापर्यंत जाऊन आला. हॉर्न दोघांनी मिळून वाजवला.

“रूपी, हात काढ.”

“काढता येत नाही, भाऊ. समोरचा सरळ होईपर्यंत काढायचा नाही, असं शिकवलंय.”

“अगं, मी गाडी चालवतोय.”

“मग चालव की. मी कुठे अडवते?”

अडवत नव्हतीच ती. पण इतकी वर्षं वाकड्या मनाने गिअर टाकलेल्या माणसाला सरळ टाकायचा कसा ते आठवेना. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले आणि दाराला चिकटून बसला. जीप दुसऱ्यातच बोंबलत चालली. सायकलवरचा पाववाला घंटी वाजवत पुढे निघून गेला. मागे शुक्री मावशीने तोंडाला पदर लावला.

रूपीला मात्र हसू येईना. चुली पेटल्या असतील, मालक रस्त्याकडे बघत असेल.

“क्लच दाब,” ती म्हणाली.

त्याने दाबला. तिने तिसरा टाकला. रोज तिथे बसून तिला प्रत्येक गिअरचं घर माहीत झालं होतं. मग चौथा.

महिना सरला, काम सुटलं नाही. तो पायाने आणि ती हाताने, अशी ती जीप चालू लागली. कोपर कुठे गेलं ते कुणी विचारलं नाही. एकदा चारोटीला हवालदाराने गाडी अडवली आणि ड्रायव्हर कोण म्हणून विचारलं.

“अर्धा मी,” रविंद्र म्हणाला.

उरलेला अर्धा तोवर हॉटेलात पोचून पीठ मळायला लागला होता.