पाण्याची उत्तरपूजा

आग सकाळी जिन्यानेच आली. शालनताई बोराट्यांचं घर इमारतीत सगळ्यात वर, त्यामुळे चढून चढून ती दमली असावी. स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "भूक लागलीय."

दारी आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही, हा शालनताईंचा स्वभाव. त्यांनी आधी रद्दी दिली, मग मोडका पाट दिला. आगीत तेल ओतू नये एवढं त्यांना कळत होतं, म्हणून भाकरी दिली तीही कोरडीच. आग नीट खात होती, खाली सांडत नव्हती. घर मात्र उबेने आकसायला लागलं. आधी बाल्कनी मिटली, मग पॅसेज गेला. आतल्या खोलीचं दार इतकं अरुंद झालं की त्यातून अण्णांची खाट निघेना. अण्णा म्हणजे शालनताईंचे यजमान. कंबर मोडल्यापासून ते त्या खाटेवरच होते.

"शालन, कोण आलंय गं?"

"आग आलीय."

"बसवलंस ना?"

"बसवलंय. तुम्ही पडून राहा. मी पाणी घेऊन येते."

नळाचं पाणी केव्हाच येऊन गेलं होतं. उरला तो जिन्यातला लाल पाइप. आग लागली तर कामाला यावा म्हणून तळापासून गच्चीपर्यंत उभा केलेला, आणि इतकी वर्षं लोकांनी ओले टॉवेल वाळत घालण्यापलीकडे न वापरलेला. शालनताईंनी त्याला कान लावला. आत चिटपाखरू नव्हतं.

"मी येईपर्यंत इथनं हलायचं नाही," त्या आगीला म्हणाल्या.

"भाकरी आहे तोवर नाही," आग म्हणाली. दुरडीत दोन भाकऱ्या होत्या.

तळाशी पंपाच्या खोलीत पाणी पाटावर मांडी घालून बसलं होतं. त्याच्यासमोर लाल पाइपाचं चाक होतं. चाकाला हळदकुंकू लागलेलं होतं आणि झेंडूची माळ वाळून कोळ झाली होती. बाहेर सोसायटीचे चेअरमन डिसले गाडी धूत होते. त्यासाठी त्यांनी लाल पाइपालाच एक नळ बसवून घेतला होता. सध्या त्यातून थेंब थेंब गळत होतं तेवढंच.

"डिसले, हे पाणी असं का बसलंय?"

"पूजा केली होती की आपण खंडेनवमीला. पंपाची, पाइपाची, चाकाची, पाण्याची. नारळसुद्धा फोडला."

"आणि उत्तरपूजा?"

डिसल्यांनी फडका पिळला. "नंतर सगळे जेवायला गेलो."

झालं. पूजेला मांडलेलं काहीही असो, उत्तरपूजा करून जागचं जरासं हलवल्याशिवाय त्याला उठता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भक्तीत सोसायटी कुणाला हार जायची नाही, फक्त शेवटचं काम दुसरा करील असं प्रत्येकाला वाटलेलं.

"मला कुणी ऊठ म्हणालंच नाही," पाणी म्हणालं. "पायाला मुंग्या आल्यात."

शालनताईंना त्याची दया आली आणि सगळ्या इमारतीचा राग आला. अक्षता नव्हत्या, तेव्हा हाताला लागलेलं ज्वारीचं पीठच त्यांनी चाकावर टाकलं. "बसलात, आता उठा. पुन्हा या," असं म्हणून त्यांनी चाक दोन्ही हातांनी हलवलं. माळ तुटली. पाणी गुडघ्यावर हात टेकून उठलं, पाइपात शिरलं, आणि लगेच डिसल्यांच्या नळातून बाहेर यायला लागलं.

"बंद करा तो नळ."

"अर्धीच गाडी धुतलीय, वहिनी."

"माझा माणूस वर खाटेवर आहे, डिसले."

डिसल्यांनी नळ आवळला. वायसर गेलेला होता, पाणी थांबेना. मग त्यांनी नळाच्या तोंडावर तळहात दाबला आणि इस्त्रीच्या पँटसकट तिथेच चिखलात बसले. "जावा तुम्ही वर," ते म्हणाले. "मी नाही सोडत."

शालनताई जिना चढायला लागल्या. वर घर जेवढं आकसत होतं तेवढा जिना लांबत होता. ती जागा कुठेतरी जायलाच हवी. त्या बांगड्यांनी पाइपावर टकटक करत आणि आतून पाणी तशीच टकटक करी. मग एका मजल्यावर उत्तर आलं नाही.

"काय झालं?"

"मला चढायची सवय नाही राहिली. खाली जातो."

शालनताईंना रडू फुटलं. पाइपाला गाल लावून त्या तशाच रडल्या, मग पदराने तोंड पुसलं. "उताराला काय, कुणीही जातं," त्या म्हणाल्या. "चल बाबा. आलंच की घर."

पाइप गालाला गार लागला. आत कुणीतरी पाऊल उचललं.

आपल्या मजल्यावर पोचून त्यांनी पाइपाला जोडलेल्या नळीची लाल पेटी उघडली. आत त्यांच्याच लोणच्याच्या बरण्या होत्या. सावलीची जागा म्हणून त्यांनीच ठेवलेल्या. स्वतःला दोन शिव्या हासडून त्यांनी बरण्या जिन्यात मांडल्या, नळी ओढली आणि तिचं पितळी तोंड घेऊन दारात आल्या. घराची आता एकच खोली उरली होती. आगीची खुर्ची अण्णांच्या खाटेला टेकली होती आणि अण्णांचा घाम उशीवर उतरला होता. दुरडी रिकामी होती.

नळीत पाणी उंबऱ्याशी थांबलं.

"आत ये," शालनताई म्हणाल्या.

"पहिल्यांदाच येतोय," पाणी म्हणालं. "असाच येऊ?"

खरंच होतं ते. पहिल्यांदा उंबरा ओलांडणाऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो. घरात भाकरीचा एकच तुकडा राहिला होता, आणि तो आगीच्या हातात होता.

आगीने तुकड्याकडे पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं.

"द्या हो," अण्णा म्हणाले. "लांबून आलंय ते."

आग खुर्चीवरून उठली, तशी खाट आणि खुर्ची यांच्यात पाऊल मावेल एवढी जागा झाली. तिने तो तुकडा दारापर्यंत आणला आणि शालनताईंसमोर हात पुढे केला. पितळी तोंडाच्या काठावर एक थेंब उंबऱ्याच्या आत वाकून बघत होता.