एका वेळी एकच

मी एक पट्टी. डॉक्टरीणबाई मला पॅच म्हणतात. जिच्या ओटीपोटावर मी चिकटलेली असते, ती पट्टी म्हणते. मी बोलणाऱ्यांतली नाही, पण रिपोर्ट आला त्या दिवशी आम्हा दोघींवर एका दमात आळ आला. आता गप्प बसणार नाही.

दिवस नेहमीचाच होता. लॉन्ड्रीत ती हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होती. ती ठेंगणी, टेबल कुणा उंच माणसाच्या मापाचं. पुढे वाकली की टेबलाची तापलेली लोखंडी कड तिच्या पोटाला टेकायची, नेमकी माझ्यावर. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. रक्तात इस्ट्रोजेन भलतंच वाढलंय, मागच्या वेळी तर फारच कमी होतं, आणि पट्टी तीच. दोन-दोन लावता का, असं विचारलं. तसं असेल तर बंद करावी लागेल, असंही सांगितलं.

"एका वेळी एकच लावते," ती म्हणाली. फोन ठेवला आणि पुढची चादर ओढली.

माझं काम साधं आहे. कारखान्यात चिकट थरात औषध कालवून मला पापुद्र्यावर पसरलं. मी कातडीतून थोडी थोडी रक्तात उतरते, दिवसरात्र. तीन-चार दिवसांनी मी निघते, जागेवर दुसरी येते. आम्हाला वेगळं धरू नका. तिच्या पोटावर आजवर जी आली, ती मीच.

ऑपरेशनात तिची दोन्ही अंडाशयं काढली, तेव्हापासून मी आहे. अंगात बनेनासं झालेलं इस्ट्रोजेन मी पुरवते; ते नसलं की हाडं ठिसूळ होतात. तिची आई शेवटी वाकून निम्मी झाली होती. मोरीत साधा पाय घसरला, खुबा मोडला, आणि आई त्या पलंगावरून उठली नाही. म्हणून मला चिकटवताना ती तळव्याने बराच वेळ दाबून धरते. माझं बंद होणं तिला परवडणारं नव्हतं.

संध्याकाळी नणंद आली. तिला वहिनीच्या तब्येतीपेक्षा वहिनीच्या रिपोर्टची काळजी जास्त. नवऱ्याने सगळं सांगून टाकलं.

"लावल्या असतील दोन. लवकर तरुण व्हायचं असेल हिला," नणंद म्हणाली. नवरा हसला. हसू नये हे त्याला जरा उशिरा कळलं.

तिने भांडी विसळली, हात पुसले. "ताई, मी खोटं बोलत नाही. पट्टीही सोडणार नाही. उद्या दवाखान्यात तेच सांगणार आहे."

दुसऱ्या दिवशी ती कामावरून थेट तिथे गेली. डॉक्टरीणबाईंनी समजुतीच्या सुरात सुरुवात केली. तिने पुढचं ऐकून न घेता कुर्त्याची कड वर केली.

"बघा. किती आहेत?"

मी एकटीच होते. माझ्यावरून एक लालभडक वळ आडवा गेला होता. बाईंनी बोट ठेवलं. कातडी अजून गरम होती.

"हा वळ कसला?"

"टेबलाचा. इस्त्रीच्या."

बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग त्यांनी पहिल्यांदाच तिला तिच्या कामाबद्दल विचारलं. मागचं रक्त सुट्टीच्या दिवशी दिलेलं, हे कामावरून येऊन. ऊब लागली की कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि माझ्यातलं औषध भराभर आत जातं. सुट्टीला ऊब नाही, औषध कमी पडतं, मग तिला घाम, चिडचिड, झोप नाही. मी तीच, ती तीच. फक्त टेबलाचा हिशेब कुणी धरला नव्हता.

पट्टी आता मागे, कमरेखाली लावा, बाई म्हणाल्या. पुढच्या दोन्ही तपासण्यांत, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या, पातळी जवळपास सारखी आली. आकडा बघून मी ताठ झाले असते, पण माझा धर्म चिकटण्याचा.

आज मला काढून, दुमडून, झाकणाच्या डब्यात टाकलंय. माझ्यात अजून औषध शिल्लक आहे, वापरलेली म्हणून मला पोकळ समजू नका. आणि एखादी बाई "एकच लावते" म्हणाली, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा, मग आकड्यावर.

परवा नणंद येऊन गेली. चांगली दिसतेस, म्हणाली, चहा घेतला, जाताना पाठीवरून हातही फिरवला. दोन पट्ट्यांचं बोलणं तिने अजून मागे घेतलेलं नाही.