दुपारच्या पाळीचा फोटो

वायरमन स्टुलावर चढून भिंतीवरच्या मोठ्या फोटोवर दिवा रोखत होता आणि हसत होता.

"बाई, फोटोतसुद्धा तुम्ही 'गप्प बसा'च म्हणताय की!"

बाई म्हणजे याच शाळेच्या निवृत्त शिक्षिका. नव्या इमारतीच्या दालनात शाळेचा इतिहास लावायचं काम मुख्याध्यापकांनी त्यांच्या गळ्यात मारलं होतं. फोटो होताही गमतीचा. जुन्या शाळेच्या पायऱ्यांवर सगळी मुलं ताठ उभी, नजर समोर. आणि कडेच्या तरुण बाई तेवढ्या चौकटीबाहेर बघत, ओठांवर बोट ठेवून. आठवडाभर जो तो येऊन हसून जात होता. बाईही हसत होत्या. न हसून करतात काय!

फोटो निघाला तेव्हा गाव नुसतं फुगत चाललं होतं. कारखाना आला, नदीपलीकडे वस्ती झाली, शाळेत मुलं मावेनात म्हणून दुपारची पाळी निघाली. सकाळची मुलं ती 'आपली'; दुपारची नुसती 'दुपारची'. दरवर्षी पायऱ्यांवर अख्ख्या शाळेचा फोटो निघायचा, म्हणून त्या वर्षी बाईंनी दुपारच्यांनाही सकाळीच बोलावलं. बिचारी आली, इस्त्रीचे कपडे घालून, चापूनचोपून भांग पाडून. पण तोवर पायऱ्या भरल्या होत्या. मावत नाहीत, फोटोग्राफर म्हणाला. बाईंनी त्यांना बाजूला पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं.

"तुमचा नंतर. आवाज नको."

सकाळच्यांचा फोटो झाला तेव्हा ऊन तापलं होतं, बाईंच्या पोटात कावळे ओरडत होते.

"त्यांचा घेऊ ना?" फोटोग्राफरने विचारलं.

"जाऊ द्या हो. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी दुपारच्यांना कोणी बोलावलंच नाही.

एवढंच तर झालं, कोणाचा जीव नाही गेला, असं बाई स्वतःला बजावायच्या. पण हा फोटो भिंतीवर चढल्यापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

"आजी, यात तू कुठे आहेस?"

प्रवेशासाठी आलेली एक मुलगी फोटोला नाक लावून उभी होती. मागे तिची आजी. बाईंनी आजीला बघताक्षणी ओळखलं. दुपारच्या पाळीतली बडबडी! त्या दिवशी टाकीजवळ सगळ्यात मोठा आवाज हिचाच होता.

"असेन गं कुठेतरी. चल, रांग पुढे गेली."

"तू नाहीचेस! आणि या बाई कोणाला गप्प करताहेत? तिकडे तर कोणीच नाही."

आजीने बाईंकडे पाहिलं. ओळख दोघींच्याही डोळ्यांत होती.

"पाखरं असतील," आजी म्हणाली. "टाकीवर फार कलकलाट करायची."

बाईंना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याचीच लाज वाटली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पाखरं नव्हती," बाई मुलीला म्हणाल्या. "तुझी आजी होती. सगळी दुपारची पाळी होती."

मग फोटोच्या कडेबाहेर, कोऱ्या भिंतीवर त्यांनी बोट ठेवलं.

"इथे उभी होती ती."

वायरमनचं हसू थांबलं. मुलीने जरा विचार केला आणि आजीच्या हातातला मोबाइल काढून घेतला.

"मग राहा ना तिथे उभी. मी काढते."

"आता नको गं. नंतर."

"नंतर नाही!" बाईंचा आवाज नको तेवढा चढला. "आत्ता. अरे, तो दिवा इकडे वळव."

आजी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. केसांवरून हात फिरवला, दोन्ही हात शिस्तीत खाली सोडले. दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर आला. ओठ घट्ट मिटलेले होते.

"अशी काय गं, आजी! बोल ना काहीतरी!"

आजीने मान वळवून बाईंकडे पाहिलं.

"बोलू का, बाई, आता?"